संस्थेत वाढलेल्या मुलाची बाजू मांडताना: गोव्यातल्या मदतनीसांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

संस्थेतल्या, म्हणजे बालगृहात राहणाऱ्या मुलासाठी काहीतरी करावे असे वाटणारी माणसे गोव्यात कमी नाहीत. शाळेतल्या बाई असतात, शेजारी असतात, दूरची मावशी असते, रविवारी शिकवायला जाणारा कॉलेजचा मुलगा असतो. अडते ते क्रमात. मुलगी १८ वर्षांची होऊन संस्थेबाहेर पडते आणि त्यानंतर आठवड्याभराने धावपळ सुरू होते. बाल कल्याण समितीसमोर तोंडी पुष्कळ बोलले जाते, पण फाईलला एक कागदही लागत नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याला काय हवे, हे सर्वात शेवटी विचारले जाते. कधी कधी विचारलेच जात नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मुलाचे म्हणणे, मग कागद, मग लेखी अर्ज, आणि तुमचे बोलणे त्यानंतर. पहिले सहा टप्पे १८ च्या आतल्या मुलांसाठी आहेत, सातवा उंबरठ्यावरच्यांसाठी. आठवा टप्पा संस्थेत वाढून आता मोठ्या झालेल्यांसाठी आहे. त्यांनी थेट तिथे जावे, मात्र तिसरा टप्पा आधी वाचावा.

## टप्पा १: तुम्ही कोण म्हणून बोलणार, ते ठरवा

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबतचे निर्णय बाल कल्याण समिती घेते. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार असतात. तिथे कळकळ आहे एवढ्यावर कोणाला बसू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. मुलाची माहिती गोपनीय असते.

त्यामुळे पहिले पत्र स्वतःविषयी लिहा. तुम्ही नातेवाईक आहात, वर्गशिक्षिका आहात की स्वयंसेवक. मुलाला केव्हापासून ओळखता. त्याच्यासाठी नेमके काय करू इच्छिता. मुलाची याला संमती आहे का. एक पान पुरे. सोबत ओळखपत्राची प्रत जोडा.

पत्र द्यायचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी संस्थेच्या अधीक्षकांना, मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, म्हणजे ज्याला सगळे डीसीपीयू म्हणतात त्याला, आणि मग समितीला. मूल ज्या जिल्ह्यातल्या समितीच्या आदेशाने संस्थेत आले, तीच समिती तुमची. फोंड्यात राहणाऱ्या मदतनिसाने आपल्या जवळची समिती शोधू नये. मुलाच्या आदेशावर कोणत्या समितीचा शिक्का आहे ते पाहावे. मूळचे कर्नाटकातले किंवा दुसऱ्या राज्यातले मूल असेल तर प्रकरण तिकडच्या समितीकडे वर्ग होऊ शकते. ते वर्ग झाले आहे का, की होण्याच्या वाटेवर आहे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

सावध: मुलाचा फोटो, नाव, शाळा, संस्थेचे नाव, ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. मदत गोळा करण्यासाठीही नको. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे (पुढची कलमेही याच कायद्याची) सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षेचे सोडा, तो फोटो त्या मुलाच्या मागे आयुष्यभर फिरतो.

## टप्पा २: मुलाचे म्हणणे मुलाच्या शब्दांत उतरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे टप्पे नंतर सावरता येतात, इथली चूक सावरत नाही.

कायद्याच्या तत्त्वांमध्ये सहभागाचे तत्त्व आहे: आपल्यावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक निर्णयात मुलाला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून ते विचारात घ्यायचे आहे. प्रत्यक्षात मात्र अहवालात 'मूल संस्थेत रुळले आहे' एवढेच येते. ते वाक्य कोणाचे, तर मोठ्यांचे.

अधीक्षकांची परवानगी घेऊन भेट ठरवा, पण अधीक्षक किंवा मुलांना सांभाळणाऱ्या मावशी ऐकू येईल अशा अंतरावर नसतील असे पाहा. दिसतील अशा जागी असायला हरकत नाही. व्हरांडा, अंगण, आंब्याखालचा बाक चालेल. मुलाला ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत बोलू द्या. गोव्यातल्या संस्थांमध्ये कोकणी, मराठी, हिंदीबरोबर कन्नड आणि लमाणी बोलणारी मुले असतात. 'तिला मराठी कळते' म्हणजे तिला मराठीत आपले दुःख सांगता येते असे नव्हे. गरज असेल तर डीसीपीयूकडे दुभाषा मागा आणि मागणी लेखी करा. संस्थेतल्याच मोठ्या मुलीला दुभाषी करू नका. लहान मूल तिच्यासमोर मोकळे होत नाही, आणि तिच्यावरही नको ते ओझे पडते.

विचारायचे थोडेच, पण उघडे प्रश्न विचारा. आता काय चांगले चालले आहे? काय बदलायला हवे? कोणाला भेटावेसे वाटते, कोणाला नाही? 'तुला घरी जायचे आहे ना?' असा प्रश्न विचारला की उत्तर तुम्हीच दिलेले असते.

लिहिताना पानाचे दोन भाग करा. डावीकडे मूल जे बोलले ते, त्याच्याच शब्दांत. उजवीकडे तुम्हाला काय वाटते ते. उदाहरणार्थ, डावीकडे: 'मला चवथीला आजीकडे जायचंय. काका असेल तर नको.' उजवीकडे: 'काकाविषयी भीती दिसते, कारण सांगितले नाही. आजी एकटी राहते का, पाहायला हवे.' हे दोन भाग एकमेकांत मिसळले की समितीपुढे 'मुलाला चतुर्थीसाठी घरी पाठवावे' एवढेच पोचते आणि काका गळून पडतो.

या उदाहरणातली मागणी गोव्यात दरवर्षी येते आणि दरवर्षी उशिरा येते. कलम ९८ प्रमाणे समिती मुलाला रजा देऊ शकते. परीक्षा, नातेवाइकाचे लग्न, जवळच्या माणसाचा मृत्यू, आई-वडिलांचा अपघात किंवा गंभीर आजार आणि तशीच निकड अशी कारणे तिथे दिलेली आहेत. मुदत साधारण सात दिवस, प्रवासाचे दिवस वेगळे. सणाचे नाव कायद्यात नाही, म्हणून चवथीचा अर्ज हक्क म्हणून नव्हे तर कारणे देऊन करावा लागतो: कोणाच्या घरी, तिथे कोण कोण असणार, आणणार-पोचवणार कोण. माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायच्या आदल्या दिवशी फोन करून काही होत नाही. घराची चौकशी करायला कक्षाला वेळ लागतो, तेव्हा जुलैतच अर्ज द्या.

मुलाचे आणि तुमचे मत वेगळे निघाले तर? दोन्ही मांडा, वेगवेगळे मांडा. 'तिला परत आईकडे जायचे आहे. मला सध्या ते सुरक्षित वाटत नाही, कारण असे असे.' यात कोणाचा विश्वासघात नाही. तिचे म्हणणे गाळले तर तो होतो.

मुलाचे मत बदलले तर जुने पान फाडू नका. नवे पान लिहा, तारीख घाला. आणि कधीही वचन देऊ नका. 'मी तुला इथून बाहेर काढीन' हे वाक्य अनेक मुलांनी अनेक मोठ्यांकडून ऐकलेले असते.

सावध: बोलता बोलता मुलाने मारहाण किंवा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले तर पुढचे प्रश्न थांबवा. 'तू सांगितलेस ते चांगले केलेस, यात तुझी चूक नाही' एवढे म्हणा आणि त्याने सांगितलेले शब्द जसेच्या तसे टिपा. हे गुपित ठेवीन असे सांगू नका, कारण पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे कळवणे बंधनकारक आहे. पोलिसांना कळवा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही सांगता येते. संस्थेतल्याच माणसाविषयी तक्रार असेल तर आधी संस्थेला विचारत बसू नका. पॉक्सो नियम, २०२० प्रमाणे समिती मुलासोबत राहण्यासाठी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते, ती मागा.

तपासा: तुमच्या पानावरची डावी बाजू मुलाला परत वाचून दाखवली का? 'असेच म्हणायचे होते ना?' हे विचारले का?

## टप्पा ३: कागद जमवा, आणि नावे जुळतात का पाहा

हे कागद लागतात:

- समितीचा मुलाला संस्थेत ठेवण्याचा आदेश
- सामाजिक तपासणी अहवाल (मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी) आणि वैयक्तिक काळजी आराखडा. हे दोन्ही तुम्हाला दाखवायचे की नाही ते समिती ठरवते, पण ते झाले आहेत का आणि आराखडा शेवटचा केव्हा तपासला गेला, हे विचारता येते
- जन्मदाखला
- शाळेचा दाखला आणि गुणपत्रके
- आधार
- मुलाच्या नावाचे बँक खाते
- लसीकरण, गोमेकॉचे (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे) केस पेपर, दिव्यांग असल्यास यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र)
- जातीचा दाखला, असल्यास

यादी सोपी आहे. अडचण नावांत असते. शाळेत राठोड, आधारवर लमाणी, समितीच्या आदेशात नुसते पहिले नाव आणि बापाच्या नावाचे स्पेलिंग तीन तऱ्हेचे. लहानपणी हे कोणाला टोचत नाही. १८ नंतर बँक, आयटीआय, मामलेदार कार्यालय, सगळीकडे हेच आडवे येते. तेव्हा एका कागदावर उभे रकाने आखा आणि प्रत्येक दाखल्यावरचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ जसेच्या तसे उतरवा. फरक लाल शाईने दाखवा. स्पेलिंगचा किंवा नावाच्या लांबी-आखूडपणाचा फरक असेल तर मामलेदारांकडून मिळणारे डायव्हर्जन्स सर्टिफिकेट (दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचा दाखला) बहुतेक वेळा पुरते. आडनावच वेगळे असेल तर दाखला दुरुस्त करावा लागतो आणि त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील घ्या. मुलांना आणि महिलांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

जन्मतारखेत फरक असेल तर तो सर्वात आधी सोडवा. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतो, तो नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. संस्था कोणती तारीख धरून १८ मोजते आहे ते विचारा. मूल बाहेर पडण्याचा दिवस त्यावर ठरतो.

आधारकडे नीट पाहा. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे अपडेट करावे लागते. ते राहिले असेल तर आत्ता करा. आधारच नसेल तर १८ च्या आधी काढा, कारण प्रौढाच्या नव्या नोंदणीला सरकारी पडताळणी लागते आणि ते लांबते. संस्थेचा पत्ता घालण्यासाठी अधीक्षकांचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र चालते.

आणखी एक गोष्ट नेहमी निसटते: आधारला जोडलेला मोबाइल. तो बहुधा संस्थेच्या कार्यालयाचा किंवा एखाद्या जुन्या केसवर्करचा असतो. मुलगा बाहेर पडतो, बँकेत जातो, ओटीपी त्या फोनवर जातो आणि तो केसवर्कर नोकरी सोडून गेलेला असतो. १८ च्या आत स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही. म्हणून वाढदिवसानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सिम घ्यायचे आणि आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचा, असे कॅलेंडरवर लिहून ठेवा. नंबर बदलायला दुसरा कागद लागत नाही, ठसा लागतो.

बँकेचे तसेच. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडता येते. अधीक्षकांसोबत संयुक्त खाते असेल तर ते पुढे कोण, कधी, कसे वेगळे करणार याचे उत्तर लेखी घ्या.

तपासा: मूळ कागद कोणाकडे आहेत? ते संस्थेकडे असू देत, तुम्ही ते घरी नेऊ नका. प्रत्येकाची स्कॅन प्रत मात्र मुलाच्या डिजिलॉकरमध्ये किंवा ईमेलवर असू द्या.

## टप्पा ४: अर्ज लिहा

समितीला द्यायच्या अर्जात मुलाची करुण कहाणी नको. समितीकडे ती आहे. हव्या असतात मागणी, कारण आणि तारीख. नमुना असा:

> मा. अध्यक्ष, बाल कल्याण समिती, (जिल्हा) यांस,
> विषय: प्रकरण क्र. … मधील मुलीच्या शाळेबाबत.
> सदर मुलगी इयत्ता नववीत शिकत असून तिला दुसऱ्या तालुक्यातील संस्थेत हलवण्याचा विचार असल्याचे कळते. मुलीचे म्हणणे तिच्या शब्दांत सोबत जोडले आहे (दि. …).
> मागणी: १. स्थलांतर दहावीची परीक्षा होईपर्यंत पुढे ढकलावे. २. ते शक्य नसल्यास शाळा तीच ठेवून येण्या-जाण्याची सोय करावी. ३. निर्णयापूर्वी मुलीला समितीने स्वतः ऐकावे.
> मी मुलीची वर्गशिक्षिका असून सुनावणीस हजर राहण्याची परवानगी मिळावी.

दुसरी मागणी नेहमी ठेवा. पहिली नाकारली गेली की माणूस रिकाम्या हाताने परततो, दुसरी असेल तर बोलणे पुढे सरकते. आणि नाव न घालता प्रकरण क्रमांक घाला. अर्ज अनेक हातांतून जातो.

मराठीत अर्ज द्यायला संकोचू नका, राजभाषा कायद्यात मराठीच्या सरकारी वापराची तरतूद आहे. इंग्रजी प्रत सोबत जोडली तर फाईल लवकर पुढे जाते एवढेच. दोन प्रती न्या, एकीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे धरा.

मुदती लक्षात ठेवा. मूल समितीपुढे आणले गेल्यावर सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायची असते आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. तुमचे म्हणणे तपासणीच्या काळातच पोचले तर अहवालात शिरते. नंतर ते फक्त जोडपत्र होते.

मुलाची नड पैशांची असेल आणि घर धड असेल तर संस्था हा उपाय नव्हे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून घरी राहणाऱ्या मुलासाठी प्रायोजकत्व मागा. दरमहा ४,००० रुपये असतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. विधवा आई, आजारी बाप, आजीकडे राहणारी भावंडे यांनी आधी हा अर्ज करावा, मग मूल संस्थेत ठेवायचा विचार.

सावध: महाराष्ट्रातली बातमी वाचून अर्ज लिहू नका. अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आणि बालसंगोपन योजना या महाराष्ट्र शासनाच्या आहेत. गोव्याच्या अर्जात त्यांचा उल्लेख केला की अर्जदाराला माहिती नाही एवढेच दिसते.

## टप्पा ५: सुनावणीचा दिवस

वेळेआधी पोचा, मुलाचे जेवणखाण झाले आहे का पाहा, शाळेची परीक्षा बुडत नाही ना पाहा. आत गेल्यावर पहिली विनंती एकच: आधी मुलाला ऐकावे, शक्य तर आम्हाला बाहेर ठेवून. मूल बोलले नाही तर टिपलेले पान द्या, वाचून दाखवा, त्यात भर घालू नका. अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. संस्थेविषयी तक्रार असेल तर घटना, तारीख, कोण होते, एवढेच बोला. 'तिथे सगळेच वाईट आहे' म्हटले की त्या रात्री मुलाला तिथेच परत झोपायचे असते, हे विसरू नका.

बाहेर आल्यावर आदेशाची प्रत मागा, आणि त्याच दिवशी मुलाला त्याच्या भाषेत समजावून सांगा. पुष्कळ मुलांना आपल्याबद्दल काय ठरले ते महिनोन् महिने माहीत नसते.

## टप्पा ६: आदेश पटला नाही तर

तीन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्या एकमेकींत गुंततात.

आदेशच चुकीचा वाटत असेल तर ३० दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील. प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबात ठेवणे) आणि अनुरक्षणातल्या (१८ नंतरच्या मदतीतल्या) प्रायोजकत्वाबाबतचा निर्णय असेल तर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. समितीच्या कामकाजाविषयी तक्रार असेल, म्हणजे तारखा पडत राहणे, प्रत न मिळणे, मुलाला न ऐकणे, तर कलम २७ प्रमाणे तीही जिल्हाधिकाऱ्यांकडे. मूल स्वतः किंवा त्याच्याशी संबंधित कोणीही ती देऊ शकते. हक्कांच्या व्यापक उल्लंघनासाठी पणजीचा गोवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

संस्थेतल्या रोजच्या गोष्टी, जेवण, बाथरूम, फोन, मारझोड न होता होणारा जाच, यासाठी संस्थेत मुलांची स्वतःची बाल समिती आणि सूचनापेटी असणे नियमांत आहे. पेटीची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. ती अधीक्षकांच्याच खिशात असेल तर पेटीत चिठ्ठी पडणार नाही.

तपासा: ३० दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजले का? प्रत उशिरा मिळाली असेल तर ती केव्हा मिळाली याचा पुरावा ठेवा.

## टप्पा ७: १८ वा वाढदिवस यायच्या आधीचे वर्ष

इथे सर्वात जास्त मुले निसटतात, कारण सगळ्यांना वाटते की वेळ आहे.

कलम ४६ प्रमाणे १८ पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य देता येते. आफ्टरकेअर, म्हणजे अनुरक्षण, ते हेच. ते २१ वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत चालू शकते. मिशन वात्सल्यमध्ये त्याची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. पण कायद्याचा शब्द 'देता येईल' असा आहे, आपोआप मिळत नाही. समितीचा आदेश लागतो. आदर्श नियमांप्रमाणे संस्थेने किंवा केसवर्करने बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा समितीला द्यायचा असतो. तुम्ही त्या दोन महिन्यांवर विसंबू नका.

उलटे मोजा. समजा मुलीचा वाढदिवस १० डिसेंबरला आहे आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे अभ्यासाच्या ऐन दिवसांत तिचे छप्पर जाणार. आधीच्या डिसेंबरात तिच्याशी पहिले बोलणे करा: पुढे काय शिकायचे, कुठे राहायचे, कोण आपले वाटते. एप्रिलपर्यंत टप्पा ३ मधले सगळे कागद. जूनमध्ये संस्थेला लेखी विचारणा की आराखडा कोण करतो आहे. ऑगस्टमध्ये समितीला अर्ज, त्यात परीक्षा होईपर्यंतच्या राहण्याची मागणी स्पष्ट. १० ऑक्टोबर ही संस्थेची मुदत. त्या दिवशी आराखडा गेला का ते पाहा. नोव्हेंबरात आदेश हातात हवा.

सतराव्या वर्षी 'आता घरी पाठवू' असा प्रस्ताव अचानक आला तर थांबवून विचारा. घर सुरक्षित आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की १८ व्हायच्या आधीच संस्थेतून नाव कमी झाले तर कलम ४६ चे साहाय्य मिळणार का? उत्तर लेखी मागा. मुलाची खरी इच्छा घरी जाण्याची असेल तर अर्थातच ती आधी.

बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलासाठी १८ नंतर पालकत्वाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालची स्थानिक स्तर समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते, अर्ज तिथे.

राहण्याचे ठरवताना गोव्याचा हंगाम ध्यानात घ्या. ऑक्टोबर ते मे किनारपट्टीवर खोली मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. हॉटेलातली नोकरी त्याच महिन्यांत मिळते आणि पावसात जाते. 'हॉटेलात लागेल' हा आराखडा नव्हे. फर्मागुडी, होंडा, काकोडा इथल्या सरकारी आयटीआयसारखा शिकण्याचा ठिकाणा, त्याच्या जवळची खोली आणि ४,००० रुपयांत न भागणारी रक्कम कुठून येणार, हे तिन्ही कागदावर असावे. भाड्याच्या खोलीसाठी पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणी होते, घरमालक तिची मागणी करतो. आधी तयार ठेवा.

तपासा: वाढदिवसाच्या दिवशी मुलाच्या हातात काय काय जाणार? सगळे मूळ दाखले, संस्थेत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहिल्याचे प्रमाणपत्र, समितीचे आदेश, आरोग्याची फाईल, बँकेचे पासबुक. संस्थेत राहिल्याचे प्रमाणपत्र तर दोन प्रतींत घ्या. पुढच्या टप्प्यात त्यावरच सगळे उभे आहे.

## टप्पा ८: संस्थेत वाढून मोठे झालेल्यांसाठी

गोव्यात सरकारी नोकरी आणि बऱ्याच योजनांसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तो मामलेदार देतात. घरात वाढलेल्याला रेशनकार्ड, घराचे बिल, आई-वडिलांचे दाखले दाखवता येतात. तुमच्याकडे ते नसते, पण वास्तव्य असते. ते सलग दाखवायचे: समितीचा पहिला आदेश, प्रत्येक संस्थेचे तारखांसह प्रमाणपत्र, प्रत्येक शाळेचा दाखला. मध्ये एक-दोन वर्षांची फट राहिली तर ती कुठे गेली ते त्या काळातल्या शाळेच्या नोंदीने भरा. हे सगळे एका तक्त्यात, वर्षानुसार लावून न्या. 'मी आश्रमात होतो' एवढे सांगून खिडकीवरचा माणूस काही करू शकत नाही.

जुने कागद मिळत नसतील, संस्था बंद झाली असेल, तर महिला व बाल विकास संचालनालयाकडे आधी साधा अर्ज करा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ वापरा. स्वतःविषयीची माहिती मागत आहात असे स्पष्ट लिहा आणि ओळखपत्र जोडा. 'माझी सगळी फाईल द्या' असे न लिहिता कागदांची नावे लिहा: प्रवेशाची नोंद, समितीचे आदेश, बाहेर पडतानाची नोंद. ३० दिवसांत उत्तर हवे. नाही आले तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

फाईल हातात आली की ती एकट्याने वाचू नका. त्यात आईविषयी, घरातल्या हिंसेविषयी, स्वतःच्या लहानपणाविषयी लिहिलेले असते, आणि लिहिणाऱ्याला कल्पनाही नसते की ते मूल एक दिवस हे वाचेल. सोबत विश्वासाचे माणूस घ्या. जे चुकीचे लिहिले आहे त्याच्या बाजूला आपले म्हणणे लिहून ठेवा. फाईल तुमची आहे, शेवटचे मत तिचे नाही.

आरोग्यासाठी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या विमा योजनेत गोव्यातले किमान पाच वर्षांचे वास्तव्य लागते. वरचाच तक्ता तिथेही चालतो.

मदतनिसाला एक सांगणे. प्रौढ माणसासाठी तुम्ही बोलू नका, त्याच्या बाजूला बसा. खिडकीवरचा कारकून तुमच्याकडे पाहून बोलू लागला तर 'अर्जदार हे आहेत' म्हणा. तो संस्थेत वाढला हे कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हा निर्णय त्याचा. घरमालकाला, मालकाला, होणाऱ्या सासरला तुम्ही भावनेच्या भरात सांगून टाकलेत तर ते परत घेता येत नाही.

पैसे आले नाहीत तर: आफ्टरकेअरचा आदेश झाला आणि दोन महिने खात्यात काही जमा झाले नाही, असे झाले तर आधी खाते तपासा. १८ झाल्यावर जुन्या बाल खात्याचे केवायसी नव्याने करावे लागते, नाहीतर व्यवहार अडतात. आधार खात्याला जोडले आहे का तेही बँकेतच विचारा. दोन्ही ठीक असेल तर आदेशाची प्रत आणि पासबुकाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स जोडून डीसीपीयूला पत्र, पोच घेऊन. पंधरवड्यात हालचाल नसेल तर त्याच पत्राची प्रत समितीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. त्या दरम्यान खोलीचे भाडे थकले असेल तर घरमालकाला आदेश दाखवून मुदत मागा, आणि ते मागायला त्या मुलासोबत स्वतः जा.